बाग पाहावी कशी
(नभोवाणीवरून केलेले भाषण)

परगावी सहलीस निघालेल्या कुटुंबाच्या कार्यक्रमात देवदर्शन असते, एखादा किल्ला किंवा लेणे असते, खरेदी असते, आणि बहुधा सायंकाळच्या वेळी एक बाग असते. दिवसभर चालून थकलेली वडीलधारी मंडळी हिरवळीवर बसतात, मुले घसरगुंडीकडे धावतात, कोणी कारंज्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेते, आणि शेंगदाण्याची पुडी संपली की बागही संपते. घरी परतल्यावर किल्ल्याविषयी चार वाक्ये सांगता येतात, देवळाविषयी आठ. बागेविषयी मात्र सर्वांचे एकच वाक्य असते, "बाग छान होती." ती छान का होती, कोणी केली, कशावर जगते आणि पुढल्या वर्षी ती तशीच राहील काय, हे प्रश्न आपल्या मनाला शिवत नाहीत.

याचे कारण बागेच्या स्वभावातच आहे. किल्ल्याचा पडका बुरूज आपले वय आणि आपले दुःख उघड सांगतो. बाग आपले कष्ट झाकून ठेवते. पहाटे झालेली झाडलोट, वाफ्यातील खुरपणी, रात्री सोडलेले पाणी, मेलेले रोप उपटून त्या जागी लावलेले नवे रोप, यातले काहीही दहा वाजता तिकीट काढून आत शिरणाऱ्यास दिसत नाही. सारे आपोआप उगवले आहे असे वाटावे, हेच बागेचे यश. परंतु या यशामुळेच तिची उपेक्षाही होते, कारण जे आपोआप उगवले ते आपोआपच टिकेल, असा आपला समज होऊन बसतो.

म्हणून आज मी आपणांस बागांची वर्णने ऐकविणार नाही. बाग पाहावयास जाताना तीन प्रश्न सोबत न्यावेत, एवढेच मला सुचवावयाचे आहे. येथे पाणी कोठून येते? येथील झाडे कोठली आहेत? आणि येथली राखण कोण करते? हे तीन प्रश्न घेऊन हिंडणाऱ्यास साधी नगरपालिकेची बागसुद्धा एखाद्या ग्रंथाप्रमाणे वाचता येते.

या प्रश्नांसाठी आदिलाबादकरांस फार दूर जावयास नको. आपला जिल्हा नागपूर आणि हैदराबाद यांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेला आहे. उत्तरेस भोसल्यांचे नागपूर, दक्षिणेस निजामांचे हैदराबाद, आणि पश्चिमेस किनवट, मुदखेड, नांदेड असा रेल्वेने प्रवास करीत गेले की गोदावरीच्या वरच्या अंगाचा मराठवाडा. या तिन्ही दिशांना पाहण्याजोग्या बागा आहेत आणि प्रत्येकीचा धडा निराळा आहे.

प्रथम पश्चिमेकडे जाऊ. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या औरंगाबादेचा प्रदेश तसा कोरडा. पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. अशा ठिकाणी सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने डोंगराच्या कुशीतले पाणी भुयारी नहरींनी शहरात आणले. त्यानंतर काही दशकांनी, म्हणजे 1660 च्या सुमारास, बीबी का मकबरा उभा राहिला. आपण तेथे जातो ते घुमट पाहण्यास. परंतु थोडे मागे सरकून पाहिले तर ध्यानात येते की ही वास्तू एका चौकोनी बागेच्या चौकटीत बसविली आहे. मधोमध पाण्याचा लांब पट्टा, त्यात कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंस फरसबंद वाटा, आणि पलीकडे झाडी. मोगलांच्या चारबागेची ही रीत. ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागे, त्या मुलखात पाणी नुसते खेळावयास सोडणे, याहून सत्तेचे मोठे प्रदर्शन कोणते असू शकते? संगमरवर विकत आणता येतो. वाहते पाणी आणण्यास आधी नहर खणावी लागते. त्या बागेतले कारंजे म्हणजे बादशाही सामर्थ्याची मोहोरच होय.

तेथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठण आहे. एकनाथमहाराजांचे पैठण. येथे गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांनी त्याची कोनशिला बसविली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, आणि त्यांचा जन्मही पैठणचाच. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा तो मातीचा बांध, त्याला सत्तावीस दरवाजे, आणि मागे समुद्रासारखा पसरलेला नाथसागर. या धरणाच्या पायथ्याशी सुमारे 300 एकरांच्या विस्तारात संत ज्ञानेश्वर उद्यान आखले गेले. पाण्याचे प्रवाह, रंगीत दिव्यांची कारंजी, संगीताच्या तालावर उसळणाऱ्या धारा, फुलांचे ताटवे. ज्यांनी म्हैसूरजवळचे वृंदावन उद्यान पाहिले आहे, त्यांस या मांडणीचे मूळ लगेच ओळखू येईल.

ते वृंदावन म्हणजे धरणाखालच्या बागांची आपल्या देशातील जणू आद्य पोथीच. कावेरीवरील कृष्णराजसागराच्या पायथ्याशी, म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने, 1932 च्या सुमारास ते पुरे झाले. धरण हे अभियंत्यांचे काम. त्याचे मोल शेतकऱ्यास पिकात कळते आणि शहरास नळात. सामान्य यात्रेकरूस ते कळावे कसे? त्याला दिसते ती दगडमातीची एक भिंत. त्या भिंतीच्या पायाशी पाणी नाचविले, त्याला रंग दिला, बाजूस फुले लावली, की धरण जनतेशी तिच्या भाषेत बोलू लागते. म्हणून पुढे ठिकठिकाणी धरणाखाली बागा झाल्या. मकबऱ्यातले कारंजे बादशहाच्या ऐश्वर्याची ग्वाही देत होते. पैठणचे कारंजे लोकराज्याच्या कर्तबगारीची ग्वाही देऊ लागले. पाणी तेच, धनी बदलला.

आता पहिल्या प्रश्नाची खरी कसोटी पाहा. 2006 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीस महापूर आला. धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले, पैठण गावात पाणी शिरले आणि उद्यानाचीही मोठी हानी झाली. त्यानंतर 2012-13 आणि 2015-16 या वर्षांत मराठवाड्यावर असा दुष्काळ कोसळला की नाथसागराचा साठा मृतपातळीस पोहोचला. प्यावयास पाणी मिळावे म्हणून गावेच्या गावे टँकरची वाट पाहत असता कारंजे उडविणार कोण आणि कोणत्या तोंडाने? एके काळी जेथे सहलींच्या गाड्यांची रीघ लागे, तेथे वर्षानुवर्षे दिवे विझलेले आणि हौद कोरडे राहिले. डागडुजीच्या योजना पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या. एक पूर आणि दोन दुष्काळ एवढ्यात 300 एकरांचे वैभव कसे डळमळीत होते, हे पैठणने दाखविले. नदीच्या कृपेवर उभी असलेली बाग नदी रुसली तरी संकटात, आणि फार प्रसन्न झाली तरीही संकटात.

परंतु पूर ओसरतो, दुष्काळही सरतो. त्यानंतर बाग पुन्हा उभी राहते की नाही, हे पाण्यावर नव्हे, माणसांवर अवलंबून असते. येथे राखणीचा प्रश्न येतो. हॉलंडमध्ये क्यूकेनहॉफ नावाचे एक उद्यान आहे. 1950 साली ते लोकांसाठी प्रथम उघडले. दर वसंतात ते अवघे आठ आठवडे खुले असते, आणि त्या आठ आठवड्यांसाठी आदल्या शरदात सुमारे 70 लाख कंद हाताने जमिनीत लावले जातात. ते लावणारे माळी असतात सुमारे चाळीस. जगभरचे लोक ज्या ट्यूलिपच्या पट्ट्यांपुढे स्तब्ध उभे राहतात, त्या पट्ट्यांमागे या चाळीस जणांचे वाकलेले पाठकणे आहेत. ऋतू संपला की कंद उपटावयाचे, भुई पुन्हा तयार करावयाची, पुन्हा लावावयाचे. उद्यान ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तूच नव्हे. पूल बांधला की काही वर्षे त्याच्याकडे पाहिले नाही तरी चालेल. बागेकडे पंधरा दिवस पाहिले नाही, तर ती बाग राहत नाही. आपल्याकडे उद्घाटनाचा खर्च हिशेबात असतो आणि माळ्याचा पगार नसतो. 'पी हळद नि हो गोरी' या न्यायाने तीन महिन्यांत बाग उभी करावयाची, फीत कापावयाची, आणि तीन वर्षांत तेथे गुरे चरू द्यावयाची, ही अनेक गावांची कहाणी आहे.

आता दक्षिणेकडे वळू. हैदराबादच्या नामपल्ली स्थानकावर उतरले की हाकेच्या अंतरावर एक विस्तीर्ण उद्यान लागते. इंग्रजीत त्याचे नाव काहीही असो, जुन्या हैदराबादी माणसाच्या तोंडी ते 'बाग-ए-आम' असते. या दोन शब्दांच्या जोडीतला 'आम' हा शब्द फार मोलाचा आहे. बागा निजामांच्या राज्यात पुष्कळ होत्या. अमीर-उमरावांच्या हवेल्यांमागे, राजवाड्यांभोवती, उंच भिंतींच्या आड. ही बाग सर्वांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, 1846 साली, ती आखली गेली असे मानतात. पुढे तिच्या आवारात एकेक वास्तू येत गेली. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे निमित्त करून 1905 साली जिचे काम सुरू झाले आणि 1913 साली जी पुरी झाली, ती नगरभवनाची शुभ्र इमारत पुढे विधानसभेची वास्तू झाली. पुराणवस्तुसंग्रहालय आले, जुबिली हॉल आला. पूर्वी येथे प्राणिसंग्रहालयही होते. 1963 साली नेहरू प्राणिउद्यान उघडले तेव्हा येथील पशुपक्षी तिकडे गेले.

आपल्या जिल्ह्यातील जुन्या पिढीस हैदराबाद म्हणजे राजधानी, न्यायालय, विद्यापीठ आणि इस्पितळ. कामासाठी गेलेला माणूस दोन प्रहरी बाग-ए-आममध्ये झाडाखाली पाठ टेकीत असे. त्याच्या लेखी तो पर्यटन नव्हता, विसावा होता. आणि तरीही कायदे करणारे सभागृह, जुन्या काळच्या मूर्तींचे दालन आणि झाडाखाली डुलकी घेणारा आदिलाबादचा शेतकरी हे सारे एकाच कुंपणाच्या आत असावे, ही गोष्ट लहान नव्हे. सार्वजनिक उद्यान म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. जेथे कोणी कोणास 'येथे का बसलास?' असे विचारीत नाही, ते सार्वजनिक उद्यान.

बागेचा मालक बदलला आणि तरीही बाग वाढतच गेली, याचे थोर उदाहरण म्हणजे बंगळूरचा लालबाग. 1760 साली हैदरअलीने तो आरंभला, टिपूने त्यात भर घातली, इंग्रजांनी त्यात 1889 साली काचघराचा पाया घातला, आणि आज 240 एकरांचा तो बाग प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी फुलांची प्रदर्शने भरवितो. आपल्या पुण्यातही एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत असाच पुष्पोत्सव होतो. या प्रदर्शनांस जाणारे हजारो लोक गुलाबाचा आकार आणि शेवंतीचा रंग पाहतात. परंतु त्यांतला एखादा मुलगा कलम कसे बांधतात हे विचारतो, आणि त्या एका मुलासाठी सारे प्रदर्शन सार्थकी लागते.

कलमांवरून नागपूर आठवते. आपल्या उत्तरेची बाग ती महाराजबाग. नावच सांगते की ती भोसल्यांची. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, लगोलग इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि राजाची बाग सरकारची झाली. पुष्कळ राजांच्या बागा अशा वेळी उजाड झाल्या. ही वाचली, कारण तिला काम मिळाले. 1906 साली नागपुरास शेतकी महाविद्यालय निघाले, आणि बाग शेतकी शिक्षणाच्या छायेखाली राहिली. आज ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. ज्या बागेत विद्यार्थी माती तपासतात आणि रोपे वाढवितात, तिला राखणदाराची वाण पडण्याची भीती कमी. निव्वळ शोभेची बाग पहिल्या टंचाईत उपाशी मरते. उपयोगाच्या बागेला कोणी ना कोणी घासभर घालतो.

नागपूरच्या बागांची आणखी एक कथा सांगतात. आज ज्या संत्र्यामुळे नागपूरचे नाव देशभर झाले, ते संत्रे मूळचे त्या मातीतले नव्हे. भोसल्यांनी त्याची रोपे औरंगाबादेहून आणविली आणि सीताबर्डीच्या आपल्या बागेत लावली, असे म्हणतात. राजाच्या परसातली ती हौस पुढे विदर्भातल्या असंख्य शेतकऱ्यांचे पोट झाली. एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलेले एक रोप केवढा संसार उभारू शकते, याचा हा दाखला होय.

परंतु श्रोतेहो, बागेतून सुटलेले प्रत्येक रोप संत्र्यासारखे गुणी नसते. माझा दुसरा प्रश्न, झाडे कोठली, हा याचसाठी. आपल्या बागांत शोभणारी पुष्कळ मंडळी पाहुणी आहेत. वैशाखात पेटणारा गुलमोहर मादागास्करचा. कमानीवर चढणारी बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. नीलमोहरही तिकडचाच. हे पाहुणे सभ्य आहेत. बोलाविले तेथेच राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशाच शोभेसाठी एक झुडूप अमेरिकेच्या उष्ण भागांतून भारतात आले. लहान लहान फुलांचे गुच्छ, एकाच गुच्छात पिवळा, नारिंगी आणि गुलाबी रंग. बागेच्या कडेला कुंपण म्हणून ते लावीत. त्याची फळे पाखरांनी खाल्ली आणि बिया रानात टाकल्या. आज आपण त्याला घाणेरी म्हणतो, कोणी टणटणी म्हणतात. मध्य भारतातल्या आणि दख्खनच्या जंगलांत मैलोगणती तिची दाटी झाली आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही, म्हणून हरणास चारा मिळत नाही आणि गुरांसही मिळत नाही. नदीतलावांत दाटणारी जलपर्णीही अशीच तिच्या जांभळ्या तुऱ्याच्या मोहाने दूरदेशांहून आणलेली. हौदातून ती ओढ्यात गेली, ओढ्यातून नदीत, आणि आज ठिकठिकाणी नौका अडवून बसली आहे.

म्हणून बागेत काय लावावे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. विशेषतः ज्याच्या दाराशी जंगल आहे, त्याच्यासाठी तर नाहीच. आणि आदिलाबादच्या दाराशी जंगल आहे.

आता घराकडे येऊ. आपल्या शहरालगत मावला येथे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 च्या कडेला, वनखात्याने 'हरितवनम्' नावाचे उद्यान केले आहे. तेलंगणात 2015 साली 'हरितहारम्' ही वृक्षलागवडीची मोहीम सुरू झाली, आणि शहरांजवळच्या वनजमिनी राखून तेथे लोकांसाठी अशी नगरवने करण्याचा उपक्रम राज्यभर झाला. मावल्याचे उद्यान त्यांपैकीच. सुटीच्या दिवशी तेथे मुलाबाळांसह कुटुंबे येतात, पायवाटांनी हिंडतात, डबे सोडून बसतात. पैठणची किंवा म्हैसूरची दृष्टी घेऊन तेथे गेलेल्या माणसाचा कदाचित हिरमोड होईल. त्याला वाटेल, हे तर रानच आहे. यात पाहावयाचे ते काय?

मला मात्र वाटते की पाहावयाचे ते येथेच आहे. कोरड्या मुलखातील माणसाने पाणी दाखविणारी बाग केली, हे स्वाभाविक होते; जे दुर्मिळ तेच मांडून दाखवावयाचे असते. आपल्याकडे पाऊस पुष्कळ पडतो. कुंटाल्याचा धबधबा असताना विजेच्या कारंज्याचे आपणांस कौतुक ते किती असणार? आपल्याकडे दुर्मिळ होत चालली आहे ती आपलीच झाडे, आणि त्यांहूनही लवकर, त्या झाडांची नावे. शहरात वाढलेल्या मुलास साग आणि ऐन यांतला भेद सांगता येत नाही. चारोळी तो खिरीत खातो, पण चाराचे झाड दाखविता येत नाही. बिब्ब्याची खूण धोब्याच्या कपड्यांवर राहिली नाही, म्हणून बिब्बाही स्मृतीतून गेला.

आणि या जिल्ह्यात नावांचा प्रश्न आणखी रंगतदार आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडेच राहून आदिलाबादला जोडली गेली. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मुधोळ-भैंसा निर्मळकडे गेले. सीमा अशा हलल्या. झाडे जागची हलली नाहीत. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे तोच मोह फुलतो. मराठी बाई त्याला मोह म्हणते, तिची तेलुगू शेजारीण इप्पा म्हणते, आणि गोंड म्हातारी आपल्या भाषेत त्याला आणखी निराळे नाव घेऊन हाक मारते. आपला पळस तिचा मोदुगा, आपला तेंदू तिचा तुनिकी, आपला बेल तिचा मारेडू, आवळा तो उसिरी. आणि चिंचेला तेलुगूत 'चिंता' म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसास हसू आल्यावाचून राहत नाही; ज्या झाडाखाली आपण लहानपणी निश्चिंत खेळलो, तीच शेजाऱ्यांची चिंता!

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक सार्वजनिक बागेत, निदान मोठ्या झाडांना, नावाची पाटी असावी, आणि ती तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू अशा या मातीतल्या सर्व भाषांत असावी. लॅटिन शास्त्रीय नाव खाली बारीक अक्षरांत असू द्या. या कामास कारंज्याइतका खर्च येत नाही, वीज लागत नाही, दुष्काळात ते आटत नाही आणि पुरात वाहून जात नाही. परगावचा पर्यटक एका पाटीवर एकाच झाडाची चार नावे वाचील, तेव्हा त्याला केवळ झाड कळणार नाही. हा जिल्हा काय आहे हेही कळेल. नावे गोळा करण्याचे काम शाळेतील मुलांकडे द्यावे. त्यांनी आपल्या आजीस विचारावे. ज्या मुलाने आजीकडून नाव मिळवून पाटी लिहिली, ते मूल त्या झाडाची फांदी मोडणार नाही, आणि दुसऱ्यास मोडू देणार नाही. राखणीचा प्रश्न निम्मा तेथेच सुटतो.

उरलेल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावस्येस नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळीचे गोंड बांधव त्यापूर्वी पायी गोदावरीवर जातात, कलशात पाणी भरून घेतात, आणि पुन्हा पायीच केसलापूरला येतात. देवळात जाण्यापूर्वी त्यांचा मुक्काम असतो तेथल्या वडाच्या झाडांखाली. तेथे ना ताटवे आहेत, ना आखीव वाटा. परंतु माझे तिन्ही प्रश्न तेथे विचारून पाहा. पाणी कोठून येते? गोदावरीतून, माणसांच्या हातांतून. झाड कोठले? याच मातीतले. राखण कोणाची? पिढ्यान्‌पिढ्या येथे उतरणाऱ्या एका कुळाची. ज्या झाडाखाली आपला बाप उतरला आणि आजा उतरला, ते झाड तोडावयास कुऱ्हाड कोण उचलील? महाराष्ट्रात देवराया टिकल्या त्या याच बळावर. धरणाखालच्या बागेस खाते लागते, बादशहाच्या बागेस खजिना लागतो. या वडांस लागते ती केवळ आपलेपणाची आठवण.

याचा अर्थ असा नव्हे की पैठणला जाऊ नये, लालबाग पाहू नये, किंवा जानेवारीतल्या पुष्पोत्सवात रमू नये. अवश्य जावे, आणि मुलांना घेऊन जावे. फक्त फुलांच्या दिवसांतच न जाता एकदा चैत्र-वैशाखातही जावे. पानगळीच्या आणि उन्हाच्या दिवसांत बागेची खरी प्रकृती कळते. तिकिटाचे पैसे देताना हात आखडू नये, कारण त्यातच कुठेतरी माळ्याचे वेतन आहे. आणि हिंडताना तो माळी भेटलाच, हातात खुरपे किंवा खांद्यावर पाण्याची नळी घेऊन, तर क्षणभर थांबून त्याला विचारावे, "दादा, हे झाड कोणते?" सबंध बागेत हा प्रश्न त्याला फार थोडे लोक विचारतात. तो आनंदाने नाव सांगेल, कदाचित दोन भाषांत सांगेल, आणि त्याबरोबर ते केव्हा लावले, कोणत्या उन्हाळ्यात ते जाता जाता वाचले, हेही सांगेल.

ते ऐकून घरी आलेला माणूस "बाग छान होती" एवढ्यावर थांबणार नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असेल. आणि ज्या बागेविषयी लोकांजवळ सांगण्यासारखे काही असते, ती बाग सहसा कोणी मरू देत नाही.